लेसरने कोरलेल्या खाचांची काचपट्टी: पेशी वळतात, पण बुडबुडेही अडतात

स्तनाच्या कर्करोगाच्या एमडीए-एमबी-२३१ पेशींची वाटचाल पाहण्यासाठी आम्ही लेसरने सूक्ष्म खाचा कोरलेल्या काचपट्ट्या मागवल्या. सपाट बशीत या पेशी वाट फुटेल तिकडे जातात. शरीरात मात्र अर्बुदाभोवतीच्या (कर्करोगाच्या गाठीभोवतीच्या) कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंना धरून त्या बाहेर पडू शकतात, आणि खाचांनी काचेवर तशीच वाट आखून द्यावी ही अपेक्षा असते. कल्पना जुनीच आहे. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉस हॅरिसन यांनी १९१४ मध्येच कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांना धरून वाढणाऱ्या पेशींचे वर्णन केले होते. आता फेम्टोसेकंद लेसरमुळे काम नेटके होते, कारण त्याचा स्पंद इतका अल्पकाळ टिकतो की उष्णता आजूबाजूला फारशी पसरण्याआधीच पदार्थ उडून जातो. आमच्या पट्टीवरच्या कडा खरोखरच स्वच्छ होत्या.

पहिला प्रयोग मात्र वाया गेला. संवर्धन माध्यम (पेशी वाढवण्याचा पोषक द्रव) थेट ओतल्यावर खाचांत हवा अडकली, सूक्ष्मदर्शकाखाली चंदेरी रेघा दिसू लागल्या आणि पेशी तळाला न टेकता दोन्ही काठांवर पूल बांधल्यासारख्या ताणून बसल्या. आधी ७० टक्के अल्कोहोल, मग पट्टी कोरडी न होऊ देता बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) आणि शेवटी पेशींना चिकटायला मदत करणाऱ्या फायब्रोनेक्टिन या प्रथिनाचा लेप, या क्रमाने ही अडचण सुटली. सोबतच्या माहितीपत्रकात याविषयी एक ओळही नसावी, हे खटकते.

१० मायक्रोमीटर रुंदीच्या खाचांत पेशी लांबट होऊन ओळीने मांडल्या गेल्या. ४० मायक्रोमीटरच्या खाचांत भिंतीलगतच्या काही सोडल्या तर बाकीच्या मोकळ्या मैदानात असल्यासारख्या फिरत होत्या. वेष्टनावर ‘वाढीचे नियंत्रण’ असे छापले आहे, ते मला मान्य नाही. आम्हाला दिसली ती दिशा, आणि पेशींचे विभाजन वाढले की घटले हे ठरवायला त्याच काचेचा पुरेसा सपाट भाग लागतो, जो येथे कडेच्या अरुंद पट्टीपुरताच ठेवला आहे.

फेज कॉन्ट्रास्ट या सूक्ष्मदर्शन पद्धतीत खाचांच्या कडा चमकतात आणि मोजणीचे सॉफ्टवेअर त्यांनाच पेशी समजते, म्हणून केंद्रके रंगवूनच मोजावे. चिकटलेल्या पेशी सोडवणारे ट्रिप्सिन हे विकर वापरल्यानंतरही खाचांत अवशेष राहतात, त्यामुळे पट्टी पुन्हा वापरता येत नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही फक्त १० मायक्रोमीटरच्या पट्ट्या घेतल्या आणि तुलनेसाठी त्याच काचेचे कोरे तुकडे वेगळे मागून घेतले.