ग्लासगो: बोळ की बंगले?
फोटोग्राफर एकच, थॉमस अ‍ॅनन, शहरही एकच, पण दोन कामं शेजारी ठेवली की दोन वेगळे देश वाटतात. १८६८ ते १८७१ मधले हाय स्ट्रीटजवळच्या बोळांचे फोटो बघा, १८६६ च्या कायद्याने वस्ती पाडायची होती म्हणून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने काढून घेतलेले, वर वाळत घातलेले कपडे, खाली ओली फरशी, आणि उजेड कमी म्हणून एक्स्पोजर लांब, त्यामुळे जरा हललं की माणूस भुतासारखा पुसट, नाव तर कुणाचंच नाही. बंगल्यांचं पुस्तक १८७० चं, १०० फोटो, तंबाखू-साखरेच्या व्यापारात गब्बर झालेल्यांची घरं, समोर हिरवळ, सोबत मालकांची अख्खी वंशावळ. चार पानांत कंटाळलो बुवा! बोळ मात्र अजून बघतोय.