कूपरेज की शाहू स्टेडियम?

मुंबईचं कूपरेज आणि कोल्हापूरचं राजर्षी शाहू स्टेडियम. महाराष्ट्रात फुटबॉल बघायचा तर या दोन जागा टाळून चालत नाही.

इतिहासात कूपरेज पुढे. नावच मुळी पिंपं बनवायच्या जुन्या कारखान्यावरून आलेलं. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स कप या जुन्या फुटबॉल स्पर्धेचं हे माहेरघर होतं. कोलकात्याचे मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मडन हे क्लब इथे खेळून गेले. मुंबईच्या महिंद्रा युनायटेड क्लबचे सामनेही इथेच व्हायचे. आता मैदानावर कृत्रिम गवत आहे. भर पावसाळ्यातही चेंडू चिखलात अडकत नाही, ही मोठीच सोय. पण उन्हाळ्यात दुपारी तेच गवत असं तापतं की बुटातून चटका बसतो. प्रेक्षकांना जागा मात्र मोजकीच.

कोल्हापुरात गोष्टच वेगळी. इथले संघ तालमींचे: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. कुस्तीच्या आखाड्यातून आलेली ही नावं आज फुटबॉलच्या जर्सीवर आहेत. केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगमध्ये दोन पेठा समोरासमोर आल्या की गॅलरी गच्च भरते. शेजारी बसलेले आजोबा प्रत्येक पोराला घरच्या नावाने हाक मारतात, पास चुकला तर "अरं, बघून दे की!" म्हणून उठून उभे राहतात. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा.

सराव करायचा असेल तर कूपरेज. सामना बघायचा असेल तर मी डोळे झाकून कोल्हापूरची गाडी पकडेन.