बिलावर ईटी ३८, चाकावर ४८

पोलो गाडी चाळीस मिलिमीटर खाली केली तेव्हाच घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. पुढं जे घडलं ते त्यांना मी अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

खाली बसलेल्या गाडीत पंधरा इंची चाकं केविलवाणी दिसतात, म्हणून सोळा इंची मॅगव्हील, म्हणजे अलॉयची चाकं, घ्यायचं ठरवलं. अभ्यास केला होता, उगाच नाही. मूळ टायर १८५/६० आर १५, उंची ६०३ मिमी. १९५/५० आर १६ ची ६०१. म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही. मूळ रिम ६ जे, म्हणजे सहा इंच रुंद. ईटी, म्हणजे रिमच्या मध्यापासून चाक गाडीला टेकतं त्या जागेपर्यंतचं अंतर, ४० मिमी. नवी ७ जे घेतली की रुंदी एका इंचानं वाढणार, त्यातली निम्मी आत आणि निम्मी बाहेर, १२.७ मिमी प्रत्येकी. ईटी कमी तर चाक बाहेर सरकतं आणि खड्ड्यात मडगार्डची कड टायर कापते. ईटी जास्त तर आत सस्पेन्शनला भिडतं. म्हणून ३८ वर अडून बसलो.

"अडतीसच आहे साहेब, बिलावर लिहून देतो." लिहून दिलं, कच्च्या बिलावर. छत्तीस हजार मोजले आणि पोरं चाकं बसवत असताना मी काउंटरवर चहा पीत बसलो. तो चहा फार महाग पडला.

गाडी दिसायला झकास! स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी कुठं घासत नव्हतं. फक्त ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरायचं. दोनदा बॅलन्सिंग केलं. "गाडी खाली केलीय, एवढं चालायचंच," असं दुकानदार म्हणाला, आणि मलाही ते पटलं.

महिन्याभरानं साताऱ्याला निघालो. खंबाटकी घाट उतरल्यावर पुढच्या डाव्या चाकातून कट् कट् आवाज. सुरूर फाट्यावर पंक्चरवाल्याकडं थांबलो. त्यानं पाना लावला. एक बोल्ट तर आधीच सैल होता, बाकीचे अडीच फेऱ्यांत हातात आले. "दादा, एवढ्यावर तुम्ही घाट उतरलात?" चाक काढलं तर मागं दहा मिमीची ॲल्युमिनियमची चकती. स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवायला मागं घालतात ती. त्याचं नावही दुकानात कुणी काढलं नव्हतं.

चाकं उलटी करून पाहिली. आऱ्यांच्या मागं ईटीचा आकडा कोरलेला असतो. तीन चाकांवर तो घासून वर रंग मारलेला. चौथं घाईत राहिलं असावं, त्यावर स्वच्छ ४८. ४८ वजा १०, अडतीस. हिशेब बरोबर, म्हणूनच कुठं घासलं नाही आणि मला शंका आली नाही.

बोल्ट मात्र मूळचेच. पोलोच्या बोल्टचे आटे दीड मिमीचे, एका फेरीला तो तेवढाच आत जातो, म्हणजे दहा मिमीच्या चकतीनं साडेसहाहून जास्त फेऱ्या खाल्ल्या. शिवाय कंपनीच्या बोल्टची बैठक गोल, या मॅगव्हीलची शंकूसारखी. दोन्ही नीट बसतच नाहीत, मग बोल्ट ढिले होतात. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो गाडीचा मधला गोल भाग, ५७.१ मिमीचा, चाकाचं भोक ७३.१ चं, मधली फट भरणारी रिंग नाही. सगळं चाक बोल्टांवर लोंबकळत होतं. थरथर त्याचीच.

मित्रानं पुण्याहून जुनी चाकं आणेपर्यंत चार तास फाट्यावर काढले.

दुकानदार आधी हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तक्रार करा की. गाडी खाली केलीय, आरटीओला काय सांगणार?" मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दलचं, त्याला माझ्यापेक्षा पाठ होतं. पक्कं बिल नव्हतं, आणि त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तरही नव्हतं. दहा दिवसांच्या हेलपाट्यांनंतर बारा हजार परत मिळाले.

परवा दुसरीकडं नवी चाकं घेतली. टायर चढवण्याआधी चारही उलटी करून आकडे वाचले. बसवून झाल्यावर एक बोल्ट परत काढायला लावला. पोरगा वैतागला, "काका, भरोसा नाय का?" मी फेऱ्या मोजत होतो. आठ झाल्या.