जुन्या डिझेलला कोन फिल्टर की कंपनीचाच पेपर फिल्टर?

स्विफ्टचं जुनं १.३ मल्टीजेट इंजिन, ७५ पीएसवालं, त्याला कोन फिल्टर, म्हणजे शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर, लावू का असं बरेच जण विचारतात. माझं मत, नका लावू.

पेट्रोलसारखं डिझेलचं नसतं, यात हवा आधीच गरजेपेक्षा जास्त जाते, पॉवर ठरते ती डिझेल किती फवारलं त्यावर आणि ते ठरवतो ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), म्हणजे त्याचं सेटिंग बदलल्याशिवाय, रीमॅप केल्याशिवाय, नुसती हवा वाढवून काही हाती लागत नाही. टर्बोची (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची) शिट्टी मात्र मस्त ऐकू येते, त्यामुळेच गाडी पळतेय असं वाटतं. शिवाय बॉनेटखाली उघडा कोन म्हणजे इंजिनची गरम हवाच आत, उन्हाळ्यात तर उलट पिकअप जातो.

तेल लावायचे कॉटन फिल्टर धुऊन परत वापरता येतात हे खरं, पण तेल जास्त झालं की आत जाणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरवर बसतं, माझ्या गाडीचं तेच झालं, काळा धूर आणि रिकामा खर्च.

पेपर फिल्टर स्वस्त, धूळ नीट अडवतो. गावाकडच्या कच्च्या रस्त्यांवर फिरत असाल तर वेळेआधीच बदला, आणि टर्बोचे होज पाईप कुठे चिरलेत का तेही बघून घ्या.