‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणाले आणि कर्ज गळ्यात मारलं: अकरावी-बारावीच्या ऑनलाइन कोर्सपासून सावध राहा

माझ्या नावावर ८४,००० रुपयांचं कर्ज आहे. कर्ज काढतेय असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मुलीच्या कोर्सची फी भरत होते.

ऑनलाइन क्लासच्या धंद्यातली नेहमीची नाटकं इथे पुन्हा सांगत बसत नाही. फुकट डेमो, मुलांची टेस्ट घेऊन त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवणं, ‘आज रात्री बारापर्यंतच स्कॉलरशिप’. हे सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही होतं. पण आमची गरज जरा वेगळी होती. मुलीला अकरावीला गणित आणि सायन्स हवंच होतं, त्याबरोबर सायकॉलॉजीही हवी होती. जवळच्या कॉलेजांत सायन्सला सायकॉलॉजी नाही. जिथे जावं तिथे ‘मग आर्ट्सला घ्या’. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून हे विषय एकत्र घेता येतात, ही गोष्ट खरी आहे. आणि या ऑनलाइन क्लासवाल्यांनी नेमकं त्या खऱ्या गोष्टीवरच दुकान थाटलं होतं. ‘आम्ही एनआयओएसचं अधिकृत सेंटर. रजिस्ट्रेशन आम्ही करणार, शिकवणार आम्ही, प्रॅक्टिकलसुद्धा ऑनलाइन. मुलीने फक्त परीक्षेला जायचं.’

प्रॅक्टिकलसुद्धा ऑनलाइन! तिथेच फोन ठेवायला हवा होता. टायट्रेशन, म्हणजे द्रावणाचं प्रमाण मोजायचा प्रयोग, मी स्वतः बीएस्सीला केलंय. ब्युरेटची तोटी धरून थेंब थेंब सोडायचा, फ्लास्क हलवत राहायचं आणि फिनॉल्फ्थॅलीनचा फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. एक थेंब जास्त पडला की सगळं पहिल्यापासून. हे लॅपटॉपवर कसं होणार? मी विचारलं, विचारलं नाही असं नाही. काउन्सेलर म्हणाला, ‘मॅडम, आता व्हर्च्युअल लॅब सगळीकडे चालते.’ इतक्या सहज म्हणाला की मला वाटलं, आपणच मागे राहिलो. एनआयओएसची प्रॅक्टिकल परीक्षा केंद्रावर जाऊन प्रत्यक्ष द्यावी लागते. कुणी ‘ऑनलाइन होते’ म्हणालं तर पुढचं एक वाक्यही ऐकू नका.

आधी ‘सीट बुकिंग’चे १,९९९ घेतले. मग फी ८४,०००, दरमहा ७,००० चे १२ हप्ते, ‘नो कॉस्ट’. आधार, पॅन, सेल्फी मागितला, ‘ॲडमिशनचं केवायसी’ म्हणून. फोन चालू ठेवूनच ओटीपी मागत होता. शेवटच्या ओटीपीचा मेसेज अजून माझ्याकडे आहे. बोलता बोलता स्क्रीनच्या वर जी पट्टी येते, तिच्यात फक्त सहा आकडे आणि ‘कुणाला सांगू नका’ एवढंच दिसत होतं. ‘लोन ॲग्रीमेंट’ हे शब्द आणि फायनान्स कंपनीचं नाव खालच्या ओळीत, मेसेज उघडला तरच दिसणारं. समोरचा ‘मॅडम, सेशन एक्स्पायर होतंय’ म्हणून घाई करत असताना कोण उघडून वाचतं? ज्यांना मी मूर्ख वाटतेय, त्यांनी आपला मागचा ओटीपी पूर्ण वाचला होता का ते आठवून पाहावं. वर प्रोसेसिंग फी १,१८० वेगळी कापली. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. कुठून तरी ते वसूल होतंच.

वर्ग सुरू झाले. गणिताच्या व्हिडिओत उजव्या कोपऱ्यात एक धुरकट चौकोन. सर फळ्याच्या त्या टोकाला लिहायला गेले की त्यांची बोटंही धुरकट व्हायची. दुसऱ्या कुणाचा तरी लोगो पुसून टाकलेला! हे मुलीच्या लक्षात आलं. ज्या सायकॉलॉजीसाठी हा सगळा खटाटोप, तिचे वर्ग भरलेच नाहीत. ‘फॅकल्टी बदलतेय’ म्हणे. एनरोलमेंट नंबर मागितला की ‘प्रोसेसमध्ये आहे’. एप्रिलच्या परीक्षेसाठी लेट फी न भरता प्रवेश घ्यायची ३१ जुलै ही तारीख निघून गेली, तरी प्रोसेसच. शेवटी एनआयओएसच्या वेबसाइटवर अभ्यास केंद्रांची यादी शोधली. यांचं नाव नाही. प्रवेशाचा अर्ज त्या वेबसाइटवर आपला आपण भरता येतो, आणि तिथली फी यांच्या आकड्याच्या जवळपासही नाही. मधल्या माणसाची गरजच नव्हती.

पैसे परत मागितले तर ‘रिफंडची मुदत संपली’. हप्ता थांबवला तर बाउन्स चार्ज ५९०, पुढच्या महिन्यात पुन्हा ५९०. चार हप्ते आधीच गेले होते. सगळं मिळून ३२,३५९ रुपये गेलेत, आणि उरलेल्या हप्त्यांपायी माझा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्यातली पत, खराब होतोय. डाव कळला का? तुमचं भांडण क्लासशी असतं, पण क्लासला पूर्ण रक्कम कधीच मिळालेली असते. तुम्ही थकबाकीदार ठरता ते तिसऱ्याच कंपनीचे.

आता आपल्या यंत्रणेचं ऐका. पोलीस स्टेशनला गेले. ‘ओटीपी तुम्हीच दिला ना? मग फसवणूक कसली? हे सिव्हिल मॅटर आहे.’ सायबरवाल्यांकडे जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, पैसे हॅक होऊन गेलेत का? नाही ना, मग पोलीस स्टेशनला जा. शिक्षण खात्याच्या कार्यालयात साहेब जेवायला गेले होते. आल्यावर त्यांनी माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. ‘खासगी ऑनलाइन क्लास आमच्या अखत्यारीत येत नाहीत.’ मग कुणाच्या येतात? ‘ते बघावं लागेल.’ बघा की! फायनान्स कंपनी म्हणते, आम्ही फक्त कर्ज दिलं, शिकवण्याचं क्लासला विचारा. क्लास म्हणतो, हप्त्याचं फायनान्सला विचारा. एका ठिकाणी तक्रार ऑनलाइन नोंदवली, तर क्लासने ‘नियमांनुसार रिफंड देय नाही’ असं एका ओळीत उत्तर दिलं आणि त्यावर माझी तक्रार ‘निकाली’ काढून मला समाधानाचे स्टार द्यायला सांगितले. स्टार!

शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना सूचना काढली होती की अशा कंपन्यांना ऑटो-डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, देऊ नका. ती माझ्यापर्यंत पोचली नाही. काउन्सेलर मात्र बरोबर पोचला.

फी हप्त्याने भरताय? मग ‘कर्ज कोण देतंय’ हा एकच प्रश्न आधी विचारा. ॲपवरून दिलेल्या कर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाचा खर्च आणि अटी यांचा गोषवारा, द्यावंच लागतं, ते हातात आल्याशिवाय सेल्फीसुद्धा देऊ नका. त्यात कूलिंग-ऑफची, म्हणजे विचार बदलायची, मुदत असते. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज परत करून दंडाशिवाय सुटता येतं. मुदत छोटी असते, म्हणून शंका आली त्याच दिवशी ईमेल टाका. फोनवर बोलून काही सिद्ध होत नाही. मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, बँकेत जाऊन लेखी बंद करून घ्या, पण कर्ज तेवढ्याने मिटत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पैसे नुकतेच गेले असतील तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, लगेच.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला अर्जाची फी लागत नाही. क्लासबरोबर फायनान्स कंपनीलाही प्रतिवादी करा, नाहीतर वसुली चालूच राहते. समोरचे ‘शिक्षण ही सेवा नाही, म्हणून इथे तक्रार चालत नाही’ असं म्हणतील. राष्ट्रीय आयोगाने २०२० च्या निकालात कोचिंग क्लासेसना शिक्षणसंस्थांमध्ये धरलेलं नाही, हे वकिलांना आठवण करून द्या.

वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत, हाही रिझर्व्ह बँकेचाच नियम. मला परवा रात्री पावणेनऊला आला होता. रेकॉर्ड केलाय, तक्रारीला जोडतेय.