बडोद्याची ‘वकिली’ फेरी: बचाव पक्ष जोरात, सरकार पक्ष गैरहजर

न्यायमंदिरापासून निघून रावपुऱ्यात संपणाऱ्या या वारसा फेरीचे माणशी तीनशे रुपये घेतात, त्यात चहा आला. पैसे वसूल होतात, हे आधीच सांगते. पण मी नोकरीभर मॅजिस्ट्रेटपुढे सरकारी वकील म्हणून उभी राहिले आहे, त्यामुळे हरकत नोंदवल्याशिवाय राहवणार नाही.

फेरी घेणारे काका निवृत्त वकील. आवाज अजून कोर्टातला, माइक लागत नाही. १८९६ची न्यायमंदिराची इमारत ते बाहेरूनच दाखवतात. २०१८मध्ये कोर्टं दिवाळीपुऱ्याला गेल्यावर इथली गर्दी कशी ओसरली, हे सांगण्यात जरा जास्तच वेळ घालवतात. लहेरीपुरा दरवाजाशी तर फोटोपुरतंच थांबणं होतं.

खरी मजा रावपुऱ्यातल्या खोलीत. तिथे बसून ते बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांचा १८७५चा खटला सांगतात. आदल्या नोव्हेंबरात रेसिडेंट (दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी) कर्नल फेअरने पपनसाच्या सरबताचे दोन-चार घोट घेतले, चव विचित्र लागली म्हणून उरलेलं फेकलं, तर पेल्याच्या तळाशी गाळ. तपासणीत सोमल (आर्सेनिक विष) आणि हिऱ्याची पूड निघाली. महाराजांवर संशय आला आणि चौकशी आयोग बसला. सहा सदस्यांपैकी तीन इंग्रज. बाकीचे तीन ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव.

महाराजांनी बचावाला थेट लंडनहून सार्जंट बॅलंटाइन आणला. सार्जंट म्हणजे पोलिसातला नव्हे. इंग्लंडमधल्या वकिलांचा तो फार जुना, मानाचा दर्जा, आणि नेमका त्याच सुमारास मोडीत निघालेला. रेसिडेंटच्याच नोकरीतल्या रावजी हवालदाराच्या पट्ट्यात सोमलाची पुडी ‘सापडली’, त्यावर बॅलंटाइनने पोलिसांचा घेतलेला उलटतपास काका उभे राहून, दोन्ही पक्षांचे आवाज काढून करतात. कॉलेजची मुलं मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. शेवटी मतं तीनास तीन पडली. भारतीय सदस्यांनी आरोप सिद्ध मानला नाही. तरी एप्रिलमध्ये महाराजांना गादीवरून काढलंच, कारण दाखवलं गैरकारभाराचं.

आणि समोरचा वकील? मुंबईचे ॲडव्होकेट जनरल अँड्र्यू स्कोबल. काकांनी त्यांना एका वाक्यात उरकलं, “सरकारचा माणूस, हुकमाचा ताबेदार.” मी हात वर केला. अहो, पुडी स्कोबलने ठेवली होती का? मुंबईहून आलेल्या पोलिसांनी पुरावा गोळा केला, महाराजांचा चिटणीस दामोदरपंत कबुली देऊन सरकारकडे वळला, आणि हे सगळं बांधून वकिलाच्या हाती दिलं. पोलीस जे शिजवतील ते सरकारी वकिलाने वाढायचं, ही रीत तेव्हापासूनची. मॅजिस्ट्रेट कोर्टात तर पुढे कित्येक वर्षं पोलीस अधिकारीच खटले चालवत. १९५८च्या विधी आयोगाच्या अहवालाने तपास आणि खटला वेगळे करा म्हटलं, पण कायद्यात ते यायला १९७३ची फौजदारी संहिता उजाडली. तिच्या कलम २५ने सहायक सरकारी वकिलाचं पद पक्कं केलं आणि पोलिसांना त्यातून जवळपास बाहेर ठेवलं. माझ्या नोकरीचा जन्मच त्या कलमातला. आता २०२४पासून नव्या संहितेत तेच कलम १९ झालंय.

“ताई, तुम्ही रिटायर होऊनही सरकार पक्षाच्याच राहिलात,” काका म्हणाले. मी म्हटलं, “साहेब, आरोपीला बॅलंटाइन मिळाला, स्कोबलला निदान दहा मिनिटं तरी द्या.” हसले, पण वहीत काहीतरी टिपून घेतलं.

बाकी किरकोळ. नकाशाची झेरॉक्स इतकी फिकी की गल्ल्या वाचता येत नाहीत. निवेदन मराठीत, प्रश्नोत्तरं मात्र बडोद्याच्या रिवाजाप्रमाणे निम्मी गुजरातीत. कुणाचं अडलं नाही. खोली पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना उभा आहे, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करून जावं. लॉच्या मुलांनी मात्र जावंच, आणि जाताना स्कोबलबद्दल चार प्रश्न तयार ठेवावेत. पाचपैकी चार तारे.