गुडघ्यातला ‘पू’ आणि माझे १,७५,००० रुपये

एक लाख पंच्याहत्तर हजार. गुडघ्यातून नळीनं ‘पू’ ओढून काढतो म्हणणाऱ्या बोगस डॉक्टरनं एवढे नेले माझे. आकडा आधीच लिहून टाकते, कारण दीड महिना मी तो सगळ्यांना कमी करून सांगत होते. नणंदेला पन्नास हजार सांगितले, मुलाला ऐंशी. खरा आकडा पहिल्यांदा लिहिला तो पोलिसांना दिलेल्या अर्जात, आणि तिथल्या हवालदारानं तो मोठ्यांदा वाचला, मागच्या बाकावरच्या माणसांना ऐकू जाईल असा.

बँकेत ३१ वर्षं नोकरी केली मी, त्यातली १९ कॅश काउंटरवर. खोटी नोट मशीनच्या आधी माझ्या अंगठ्याला कळायची. हे मिरवायला सांगत नाही. ‘असल्या गोष्टींना अडाणी माणसं बळी पडतात’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं म्हणून सांगते.

प्रकार तुम्ही ऐकलेलाच असेल. सकाळी बागेत फिरताना चाळिशीतला, नीटनेटका, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवलेला माणूस शेजारी चालू लागला. “काकू, डावा गुडघा ना? माझ्या आईचं अगदी असंच होतं.” पैशाचं नाव नाही. आईला ज्यांनी बरं केलं म्हणे, त्या डॉक्टरांचा नंबरही त्यानं आपणहून दिला नाही. तिसऱ्या दिवशी मी मागितला तेव्हा दिला. ‘आईशी’ फोनवर बोलणं करून दिलं. ती बाई मला इतकं जपून, इतकं मायेनं बोलली की फोन ठेवताना माझे डोळे भरून आले होते. अनोळखी माणसानं तुमचं दुखणं तुमच्याआधी बोलून दाखवलं, तर तिथूनच मागे फिरा. लंगडणारं माणूस लांबूनही दिसतं, त्याला विद्या लागत नाही.

पण मी विश्वास का ठेवला, हे मला सांगू द्या. त्याआधी दोन महिने एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेले होते. बाहेर दीड तास, आत तीन-साडेतीन मिनिटं. एक्स-रे उजेडाला धरून ते म्हणाले, “वयाप्रमाणे थोडी झीज आहे. दुखतंय ते बर्साचं. पाण्याची पिशवी असते, ती सुजलीय.” गोळ्या लिहिल्या, ८०० रुपये घेतले. पिशवी कसली, तिच्यात पाणी कुठून आलं, ते काढायचं असतं की आपोआप जातं, हे विचारायला मी तोंड उघडलं तोवर पुढचा पेशंट आत आला होता. पुढचे दोन महिने ती पाण्याची पिशवी माझ्या डोक्यात होती. रात्री कुशीवर झोपले की गुडघ्याला गुडघा टेकायचा आणि जीवघेणी कळ यायची. वाटायचं, पाणी वाढलं. हे सगळं मी बागेतल्या त्या माणसाला माझ्याच तोंडानं सांगितलं होतं. मग तो ‘डॉक्टर’ घरी आला, गुडघ्यावर तळवा ठेवून म्हणाला, “बर्सा सुजलाय, आतलं पाणी नासून पू झालाय,” तेव्हा मला ते नवीन वाटलंच नाही. खऱ्या डॉक्टरांनी अर्धवट सोडलेलं वाक्य कुणीतरी पुरं केल्यासारखं वाटलं.

तपासणी फुकट. पू निघाला तर नळीनं घेतलेल्या एका ओढीचे ४,००० रुपये. नाही निघाला तर एक रुपया नको. “दहा-बारा ओढीत मोकळं होईल, ताई.” म्हणजे ४८,००० पर्यंत. ऑपरेशनला लाखो लागतात हे ऐकून होते, म्हणून मी आणि ह्यांनी मान डोलावली.

ब्लेडनं बारीक चिरा दिल्या, वर कसलीशी पूड चोळली, पितळी नळी टेकवली आणि तोंडानं ओढायला सुरुवात केली. प्रत्येक ओढीनंतर वाटीत पिवळं, घट्ट काहीतरी. ते बघून मला किळस आली आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं, की एवढी घाण अंगातून गेली.

आता तो क्षण. रोज रात्री माझ्यासमोर येतो.

माझं दुखायचं ते गुडघ्याच्या आतल्या अंगाला, सांध्याच्या तीन बोटं खाली. तिथं बोट टेकलं तरी मी ओरडायचे. आणि त्याची नळी होती गुडघ्याच्या वाटीच्या बाहेरच्या बाजूला. मी म्हटलं, “अहो, इथं नाही, आत दुखतं, खाली.” तो वर न बघता म्हणाला, “पू फिरत असतो.” त्याच्याबरोबर आलेला मदतनीस लगेच म्हणाला, “हलू नका, नळी सुटेल.” आणि मी हलले नाही. काउंटरवर एखाद्यानं सहीच्या जागी भलतीकडे सही केली असती, तर मी स्लिप परत सरकवली असती. माझ्याच अंगाची जागा चुकत होती आणि मी गप्प बसले, कारण मला वाटलं, शिकलेला माणूस आहे, त्याला कळत असेल.

दुसरी गोष्ट मोजणीची. मी मनात मोजत होते, ३१ झाल्या. मदतनीसाच्या वहीत ३९ रेघा. मी म्हटलं, एकतीस. तो म्हणाला, “काकू, दुखण्यात लक्ष राहत नाही.” आठ ओढींचे ३२,००० रुपये. आयुष्यभर मोजणीवर पगार घेतला आणि तिथं वाद घालायची मला लाज वाटली. गुडघ्यातून रक्त येत होतं, दोन परके पुरुष घरात, हे घाबरलेले. कुणी हसणार असेल तर हसो.

३९ गुणिले ४,००० म्हणजे १,५६,०००. वर तेल आणि ‘भस्म’ १९,०००. घरातली रोकड ३५,००० तिथल्या तिथे दिली. माझ्या फोनवरून १,००,००० पाठवले, दिवसाची मर्यादा तेवढीच होती. उरलेले ४०,००० दुसऱ्या दिवशी ह्यांच्या खात्यातून. दुसऱ्या दिवशी! रात्र मध्ये होती, मुलाला फोन करता आला असता. केला नाही, कारण तो ओरडला असता.

संशय ह्यांना आला. निघताना तो भामटा ह्यांच्याकडे बघून म्हणाला, “साहेबांच्या खांद्यातही साचलंय.” ह्यांचा उजवा हात वर जात नाही हे खरं. पण ह्यांच्या खांद्याची सोनोग्राफी आधीच झाली होती, वरच्या स्नायूबंधाला सूज, पाणीबिणी काही नाही. पैसे जाऊन दोन दिवस झाल्यावर त्यांनी हे मला सांगितलं. तोपर्यंत सगळे नंबर बंद.

नवव्या दिवशी चिरा लाल झाल्या, पाय गरम, ताप १०१. मला मधुमेह आहे. ज्या गुडघ्यात पू नव्हता, तिथं त्या ब्लेडमुळे तो होण्याची वेळ आली. सात दिवस अँटिबायोटिक, औषधं आणि तपासण्या मिळून ६,८४० रुपये. तपासण्यांमध्ये एचआयव्ही आणि कावीळ बी, सी पण होत्या, कारण ती नळी आणि ते ब्लेड माझ्याआधी कुणाकुणाला लागलं होतं, कोण जाणे. काही तपासण्या तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगितल्या. हे तीन महिने कसे गेले ते लिहीत नाही.

ह्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि आधी बोट ठेवलं, बरोब्बर त्या जागी. मग विचारलं, जिना चढताना की उतरताना, खुर्चीतून उठताना, रात्री कुशीवर? शेवटी कागदावर काढून दाखवलं. मांडीकडून येणारे तीन स्नायूबंध तिथं नडगीच्या हाडाला चिकटतात, हंसाच्या पावलासारखे, आणि त्यांच्याखाली घर्षण होऊ नये म्हणून एक चपटी गादी असते. तीच बर्सा. अशा दीडशेच्या आसपास गाद्या अंगात असतात. खांद्याला, कोपराला, खुब्याला, टाचेला. आत एरवी नावापुरतंच पाणी असतं. जास्त चोळली गेली की ती सुजते. माझ्या वयाच्या बायका, वजन, मधुमेह, गुडघ्याची झीज, ही सगळी तिची कारणं. दहा मिनिटं लागली हे सांगायला. आधीच्यांनी ही दहा मिनिटं दिली असती तर?

उपचार ऐका. सुजलेल्या जागी कापडात गुंडाळून बर्फ, वेदनाशामक मलम, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, काही आठवडे मांडी घालून बसायचं नाही, आणि फिजिओथेरपीच्या १० बैठका, ४०० रुपयांची एक. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, मांडीच्या मागचा स्नायू ताणायचा. स्टिरॉइडचं इंजेक्शन असतं, पण माझी साखर वाढलेली आणि कातडीला संसर्ग, म्हणून दिलं नाही. त्यानं साखर काही दिवस चढते हेही सांगितलं. आठ आठवड्यांत मी जिना चढले. दीड ओढीच्या पैशांत सगळं झालं असतं.

पू खरोखर असेल तर जागा लाल होते, तापते, ठणकते, बहुतेक वेळा अंगात ताप येतो. असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डॉक्टर पाणी काढतात ते निर्जंतुक सुईनं, नव्या सिरिंजमध्ये, आणि शंका असेल तर ते प्रयोगशाळेत पाठवतात. तोंडानं कुणी ओढत नाही. थेंबाचा किंवा ओढीचा भाव कुठलाही डॉक्टर लावत नाही.

आता पोलीस. पहिला प्रश्न, “पैसे तुम्ही स्वतःहून दिले ना?” तीन तास बसवून साधा अर्ज घेतला. मग म्हणे, तो माणूस भेटला ती बाग रस्त्यापलीकडे, हद्द दुसऱ्या ठाण्याची. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, पैसे घरातून गेले, तिकडे जा. सुजलेला पाय घेऊन तो एक रस्ता मी चार वेळा ओलांडला. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा नंबर आहे, तिथं फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. पैसे एका ‘औषधी भांडारा’च्या खात्यात गेलेले, खातं परराज्यातलं, त्यात शिल्लक २१२ रुपये. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच पिन टाकून केलात. महापालिकेच्या आरोग्य विभागात बोगस डॉक्टरांसाठी समिती आहे, तिथं गेले, तर टेबलापलीकडचे गृहस्थ म्हणाले, “त्याच्या दवाखान्याचा पत्ता द्या, आम्ही धाड टाकू.” दवाखाना असता तर तो माझ्या सोफ्यावर कशाला बसला असता? डॉक्टरांची नोंदणी बघणाऱ्या कार्यालयाचं उत्तर तर मी जपून ठेवलंय. सदर व्यक्तीची नोंदणी आढळत नाही, सबब या कार्यालयास कारवाई करता येत नाही. नोंदणी नाही, हीच तर माझी तक्रार!

शेवटी भाच्यानं शिकवलं. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये बसते, दखलपात्र आहे. हद्दीचं कारण चालत नाही, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो. ठाण्यानं नकार दिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांना लेखी कळवायचं, पोस्टानं. नोंदणी नसताना वैद्यकी करणं हा १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाच्या कलम ३३ खाली वेगळा गुन्हा, तोही अर्जात लिहा. मी रजिस्टर पोस्टानं पाठवलं. ४१ व्या दिवशी गुन्हा दाखल झाला. घरी कुणी अनोळखी उपचाराला येत असेल तर त्याचा फोटो काढा, गाडीचा नंबर टिपा, शेजारणीला बोलावून बसवा. आणि ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० ला पहिल्या तासात फोन करा. मी तिसऱ्या दिवशी केला, लाजेपायी.

जाताना त्यांनी वाटी मोरीत ओतून धुऊन घेतली होती. पण दुसऱ्या दिवशी केर काढताना सोफ्याखाली कापसाचा एक बोळा सापडला, पिवळा, वाळलेला. हुंगून पाहिला, हळदीचा वास. तो मी पाकिटात घालून, तारीख लिहून ठेवलाय. तपास अधिकाऱ्यांना तीन वेळा सांगितलं. म्हणाले, माणूस पाठवतो. पाकीट अजून कपाटात, माझ्या जुन्या पासबुकांच्या खाली आहे.